हात राखून वाजवणारा ड्रमर: कॉनी के कसा ऐकावा

१९५४ च्या फेब्रुवारीत न्यू यॉर्कमध्ये बिग जो टर्नरचं 'शेक, रॅटल अँड रोल' ध्वनिमुद्रित झालं. पाय जागेवर राहू न देणारं, सरळसोट नाचाचं गाणं. वर्षभरात त्या गाण्याचा ड्रमर 'मॉडर्न जॅझ क्वार्टेट'मध्ये दाखल झाला आणि टक्सीडो घालून मैफलींच्या सभागृहांत बाखच्या वळणाच्या रचनांना साथ करू लागला. पुढे १९६८ मध्ये बेलफास्टहून आलेल्या तेवीस वर्षांच्या व्हॅन मॉरिसनचा 'ॲस्ट्रल वीक्स' हा अल्बम झाला, तेव्हाही ड्रमवर हाच माणूस होता. त्याचं नाव कॉनी के.

जॅझच्या ड्रमरांची यादी काढायला बसलं की त्याचं नाव फार उशिरा निघतं. बडी रिच, आर्ट ब्लेकी, मॅक्स रोच, एल्विन जोन्स ही मंडळी पहिल्या मिनिटातच आपली ओळख पटवतात. के तसं करत नाही. अनेकांनी त्याचं वादन वर्षानुवर्षं ऐकलेलं असतं, पण त्याच्याकडे लक्ष दिलेलं नसतं. अशा वादकाचा आस्वाद घ्यायला थोडी पूर्वतयारी लागते आणि ऐकण्याचा एक क्रम लागतो. हा लेख त्या दोन्हींसाठी आहे. ड्रम वाजवता येत नसले तरी चालेल, पाश्चात्त्य स्वरलिपी येत नसली तरीही चालेल.

आधी माणसाची थोडी ओळख. खरं नाव कॉनराड हेन्री कर्नन. जन्म २७ एप्रिल १९२७, न्यू यॉर्क राज्यातल्या टकाहो गावी. मृत्यू ३० नोव्हेंबर १९९४. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगला साथ केली. त्याच काळात तो ॲटलांटिक या कंपनीच्या ऱ्हिदम अँड ब्लूजच्या ध्वनिमुद्रणांत ड्रम वाजवत होता. १९५५ पासून मात्र त्याचं मुख्य घर म्हणजे मॉडर्न जॅझ क्वार्टेट. १९७४ मध्ये ही चौकडी थांबली, १९८१ मध्ये पुन्हा जमली आणि के अखेरपर्यंत तिच्यात राहिला.

पहिली पायरी: कान आणि साधनं

मोबाइलच्या स्पीकरवर हे वादन ऐकू नका. तिथं बेस ड्रम (पायानं वाजवायचा मोठा, खालच्या आवाजाचा ड्रम) जवळजवळ नाहीसा होतो आणि सिंबलचा, म्हणजे झांजेसारख्या धातूच्या तबकडीचा, नुसता 'छस् छस्' उरतो. के ज्या गोष्टी करतो त्यातल्या निम्म्या याच दोन टोकांना घडतात. साधे वायरचे हेडफोन पुरेत. आवाज मध्यम ठेवा. हळू वाजलेलं ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला की हळू आणि जोरात यांतला फरकच कळेनासा होतो, आणि इथं ऐकायचं आहे ते त्या फरकातच.

१९६० च्या आसपासच्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत वाद्यं बऱ्याचदा एकेका बाजूला टाकलेली असतात. गाणं सुरू झालं की आधी एक कान उघडा ठेवा, मग दुसरा, आणि ड्रम कुठल्या बाजूला आहेत ते शोधा. सापडले की एकदा तीच बाजू ऐका. पुढच्या वेळी दोन्ही. वाद्यांच्या गर्दीतून ड्रम वेगळे काढायची सवय नसेल तर ही युक्ती फार उपयोगी पडते. 'शेक, रॅटल अँड रोल'सारख्या जुन्या मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज येणाऱ्या, ध्वनिमुद्रणांत मात्र ती चालणार नाही.

दुसरी पायरी: चार अवयव, चार आवाज

ड्रमर दोन हात आणि दोन पाय यांनी वाजवतो. जॅझमध्ये त्यांची कामं साधारण ठरलेली असतात. उजवा हात राइड सिंबलवर असतो. 'टिंग, टिंग-ट-टिंग, टिंग-ट-टिंग' असा अखंड चालणारा आवाज येतो तो त्याचा. डावा पाय हाय-हॅट म्हणजे एकमेकींवर बसणाऱ्या दोन सिंबलांची जोडी मिटवतो. चार मात्रांच्या चालीत ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला 'चिक्' करते. डावा हात स्नेअर ड्रमवर असतो आणि मधूनमधून बोलतो. उजवा पाय बेस ड्रमवर असतो. जुन्या पद्धतीत तो चारही मात्रा इतक्या हलक्या दाबतो की त्या ऐकू येण्याऐवजी बासच्या, म्हणजे खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याच्या, स्वरात मिसळून जातात.

आता इथं मराठी श्रोत्याची एक खरी अडचण येते. आपली टाळी समेवर पडते. भजनाला असो वा नाट्यपदाला, पहिल्या मात्रेवर वजन टाकायची आपल्या हाताला सवय असते. जॅझ आणि ब्लूजमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. ही सवय बदलल्याशिवाय पुढची कुठलीही पायरी नीट लागणार नाही, म्हणून इथं घाई करू नका. बोटांवर एक-दोन-तीन-चार मोजा, पायानं पहिली आणि तिसरी धरा आणि दुसऱ्या-चौथ्याला टाळी द्या. सुरुवातीला टाळी आपोआप पहिल्या मात्रेकडे घसरते. मोजणं सोडलं तरी ती जागेवर राहू लागली की पुढे जा.

तिसरी पायरी: आधी त्याचा जोर ऐका

शांत वादकाला ऐकायची सुरुवात त्याच्या शांत वादनापासून केली तर 'याला एवढंच येत असेल' हा ग्रह होतो. म्हणून पहिलं गाणं 'शेक, रॅटल अँड रोल'. हे बारा मापांचं ब्लूज आहे, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा गटांचं एक आवर्तन पुन्हा पुन्हा फिरतं. टर्नरचा आवाज भरदार, सोबत पियानो आणि सॅक्सोफोन. १९५४ मध्ये हे गाणं ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि त्याच वर्षी बिल हेलीनं ते गाऊन रॉक अँड रोलच्या गोऱ्या श्रोत्यांपर्यंत नेलं.

या गाण्यात स्नेअरवरचे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेचे ठोके ऐका. तुमची टाळी आणि केचा ठोका एकाच जागी पडायला हवा. पहिल्या फेरीत एवढंच करा. दुसऱ्या फेरीत हा ठोका संपूर्ण गाण्यात किती बदलतो ते पाहा. सॅक्सोफोनचा तुकडा येतो, टर्नर आवाज चढवतो, मागून मंडळी ओरडून साथ देतात, तरी ठोका आपली जागा आणि वजन सोडत नाही. नाचणाऱ्यांना विश्वासानं पाय टाकता यावेत अशी ही बांधणी आहे. या ड्रमरच्या हातात ताकद किती आहे ते इथं कळतं. पुढे तो जे काही वाजवत नाही, ते ठरवून वाजवत नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढचं ऐकायचं आहे.

चौथी पायरी: मॉडर्न जॅझ क्वार्टेट

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. केच्या वादनाचा गाभा इथं आहे.

या चौकडीचं मूळ ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पीच्या मोठ्या वाद्यवृंदात आहे. त्यातल्या ताल-विभागाच्या मंडळींनी पुढे स्वतंत्रपणे वाजवायला सुरुवात केली. जॉन लुईस पियानोवर, मिल्ट जॅक्सन व्हायब्राफोनवर (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य), पर्सी हीथ बासवर आणि ड्रमवर आधी केनी क्लार्क. क्लार्क हा बिबॉप या जॅझच्या वेगवान, गुंतागुंतीच्या शैलीतल्या ड्रमवादनाचा पाया घालणारा माणूस. लय राखायचं काम बेस ड्रमवरून राइड सिंबलवर आणण्याचं श्रेय मुख्यतः त्याला दिलं जातं. १९५५ च्या सुरुवातीला तो चौकडीतून बाहेर पडला आणि के आत आला. जुलै महिन्यात 'कॉन्कॉर्ड' हा अल्बम मुद्रित झाला. चौकडीबरोबरचा त्याचा तो पहिला अल्बम.

आता एक भौतिक गोष्ट समजून घ्या, म्हणजे केचा हात इतका हलका का ते आपसूक उलगडेल. व्हायब्राफोनच्या पट्ट्या धातूच्या, सिंबलही धातूचा. दोघांचाही आवाज लगेच विरत नाही, वरच्या कंपनांसकट हवेत रेंगाळतो. ड्रमरनं मोठा सिंबल जोरात हाणला तर त्याची लाट जॅक्सनच्या स्वरांवर पसरते आणि स्वरांच्या कडा पुसल्या जातात. त्यात जॅक्सननं आपल्या वाद्यातली, स्वराला कंप देणारी मोटर संथ ठेवलेली, त्यामुळे त्याचे लांब स्वर माणसाच्या गळ्यासारखे हळुवार हेलकावतात. ते ऐकू यायचे तर मागचा सिंबल टिपक्यांसारखा स्वच्छ आणि लगेच आवरणारा हवा. केचा राइड नेमका तसा आहे. काडीचं टोक लागल्याचा आवाज आधी येतो, पाठीमागचा नाद अगदी थोडा.

दुसरं कारण लुईसच्या पियानोत आहे. जॅक्सन वाजवत असताना लुईस नुसत्या स्वरसंगती देत बसत नाही. तो खालून स्वतःची वेगळी सुरावट चालवतो. त्यातच हीथचा बास. म्हणजे एका वेळी तीन सुरावटी चाललेल्या असतात. अशा ठिकाणी ड्रमरनं चौथी कथा सुरू केली तर श्रोत्याला एकही पुरी ऐकू येणार नाही. के ती सुरू करत नाही. ख्यालाच्या मैफलीत ठेका स्वच्छ धरून बसलेल्या तबलजीची किंमत गायकाला ठाऊक असते. तो कान तुमच्याकडे असेल तर तो इथं घेऊन या.

आता प्रत्यक्ष ऐका. १९५७ मध्ये ॲटलांटिकनं चौकडीच्याच नावानं काढलेल्या अल्बमवर 'बॅग्ज ग्रूव्ह' आहे. बॅग्ज हे जॅक्सनचं टोपणनाव आणि रचनाही त्याचीच. हेही बारा मापांचंच ब्लूज, म्हणजे सांगाडा टर्नरच्या गाण्याचाच. हे चार वेळा ऐका. पहिल्यांदा फक्त राइड सिंबल: 'टिंग-ट-टिंग' मधला छोटा 'ट' कधी दिसतो, कधी लपतो. दुसऱ्यांदा फक्त डाव्या पायाची 'चिक्'. टर्नरच्या गाण्यात स्नेअरवर पडलेलं वजन इथं याच मात्रांवर, पण पायात उतरलेलं आढळेल. तिसऱ्यांदा डावा हात. तो कमी बोलतो, म्हणून कधी बोलतो ते महत्त्वाचं: जॅक्सनचं वाक्य संपताना, नवं आवर्तन सुरू होताना, की अधेमधे? चौथ्यांदा ड्रम विसरून जा आणि जॅक्सनकडे लक्ष द्या. त्याची वाक्यं किती सैल, किती निर्धास्त येतात ते आता ऐकू येईल. ही निर्धास्ती पाठीमागून येते.

त्याच अल्बमवर 'ला रोंद: ड्रम्स' आहे. लुईसनं आपल्या रचनेचा विस्तार करून चौघांना एकेक भाग वाटून दिला होता, त्यातला हा ड्रमचा. इथं के पुढे येतो. पुढे आल्यावरही तो ड्रमवर धावत सुटत नाही. बाकीचे तिघं वाजवतात त्याच्या मधल्या जागांत तो बोलतो आणि जागा संपली की थांबतो. ड्रम-सोलो म्हणजे बाकीच्यांनी हात बांधून उभं राहायचं अशी आपली समजूत असेल तर ती इथं मोडते.

'कॉन्कॉर्ड' अल्बमचं शीर्षक असलेली रचना म्हणजे एक फ्यूग. एकच विषय एकामागून एक वाद्यं उचलतात आणि ते धागे एकमेकांत गुंफले जातात. इथं नवं वाद्य विषय घेऊन शिरतं त्या क्षणी ड्रमकडे कान लावा. एरवी चौकडीच्या रचनांत मधूनच त्रिकोण, बोटांत धरायच्या छोट्या झांजा, लहान घंटा असेही आवाज येतात. ते सगळं केचंच. ड्रमच्या संचाभोवती तो असली वाद्यं टांगून ठेवत असे. रचनेला एका ठिपक्याची गरज असेल तिथं तो एक ठिपका देतो, आणि पुढची कित्येक मापं त्याला पुन्हा हात लावत नाही. माझ्या मते के सगळ्यात मोठा कलावंत वाटतो तो इथं.

पाचवी पायरी: दोन ड्रमर, एक रचना

एखाद्याचं वेगळेपण कळायचं तर तीच गोष्ट दुसऱ्याच्या हातून ऐकावी. त्यासाठी 'जँगो' ही रचना घ्या. जिप्सी गिटारवादक जँगो राइनहार्ट १९५३ मध्ये वारला, त्याच्या स्मरणार्थ लुईसनं ती बांधली. तिचं १९५४ च्या डिसेंबरमधलं ध्वनिमुद्रण केनी क्लार्कसोबतचं आहे. १९६० मध्ये स्कँडिनेव्हियातल्या मैफलींतून 'युरोपियन कॉन्सर्ट' हा अल्बम झाला, त्यात तीच रचना केसोबत आहे.

रचनेचा आराखडा आधी डोक्यात बसवा. सुरुवातीला संथ, शोकगंभीर सुरावट. मग मध्यम लयीत सोलो. प्रत्येक आवर्तनात एक टप्पा असा येतो की बास एका स्वरावर खिळून राहतो आणि शेवटी ब्लूजच्या अंगानं पुन्हा चालू लागतो. सोलो संपले की संथ सुरावट परत येते. बास थांबतो आणि पुन्हा चालतो, या दोन सांध्यांवर दोन्ही ड्रमर काय करतात ते लिहून काढा. मला क्लार्कच्या हातात अधिक उसळी ऐकू येते, मधेच एखादी टिप्पणी करायची खुमखुमी ऐकू येते. केची चाल सपाट रस्त्यावरची आणि जास्त उजळ आहे. चौकडीच्या चौकटीत आपल्याला हवं तसं वाजवता येत नाही असं क्लार्कला वाटत असे, आणि ते ऐकूनही पटतं. के त्याच चौकटीत वीस वर्षं मोकळा राहिला. क्लार्क कमी प्रतीचा नव्हताच, पण या संगीताला के अधिक मानवला, असं माझं ठाम मत आहे.

सहावी पायरी: पियानो नसलेली खोली

सॅक्सोफोनवादक पॉल डेस्मंड याचं 'टेक फाइव्ह' बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पाच मात्रांची ही रचना १९५९ मध्ये डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीनं ध्वनिमुद्रित केली. ड्रमर जो मोरेलो. (१९५८ च्या दौऱ्यात ब्रूबेक, डेस्मंड, मोरेलो आणि बासवादक युजीन राइट मुंबईत वाजवून गेले होते.) या रचनेत पियानो एकच आकृती घोळवत राहतो आणि तिच्यावर मोरेलो सोलो उभारतो. तो भव्य आहे, त्याबद्दल वादच नाही.

१९६३ मध्ये डेस्मंडनं 'टेक टेन' केलं. चाल पुन्हा पाचाचीच. पण पियानो नाही, त्याच्या जागी जिम हॉलची गिटार, आणि ड्रमवर के. दोन्ही गाणी लागोपाठ ऐका. पहिल्यात पाच मात्रांची चाल हे एक नवल म्हणून समोर मांडलेलं आहे, ड्रम ते नवल अधोरेखित करतात. दुसऱ्यात ती चाल इतकी नैसर्गिक होते की दोन-तीन मिनिटांनी आपण मोजायचं सोडून देतो. झपतालाची सवय असलेल्या कानाला तर पाचाचं काहीच अप्रूप नाही, त्यामुळे आपल्याकडच्या श्रोत्याला इथं एक सोय आहे: मोजण्यात शक्ती न घालवता थेट ड्रमच्या पोताकडे जाता येतं. पियानो नसल्यानं मोकळी पडलेली जागा के भरून काढत नाही. ती तो हॉलसाठी सोडतो, आणि हॉलही ती पूर्ण वापरत नाही. तिघा-चौघांनी मिळून एवढी मोकळी हवा ठेवलेली क्वचित ऐकायला मिळते.

याच मंडळींनी १९६४ मध्ये 'बोसा अँटिग्वा' ध्वनिमुद्रित केलं, बासवर युजीन राइट. ब्राझीलच्या बोसा नोव्हाची तेव्हा अमेरिकेत लाट होती आणि पुष्कळ जॅझ ड्रमर तिच्यात नको इतके रंग भरत होते. बोसा नोव्हात 'टिंग-ट-टिंग'ची झुलती चाल नसते. सिंबलवरचे ठोके सारख्या अंतरानं पडतात आणि वजनं वेगळ्याच जागी येतात. इथं दोनच गोष्टी तपासा. झुलती चाल खरोखर गेली का? आणि ती गेल्यावरही केचा स्पर्श ओळखू येतो का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर तुमचा कान या वादकापर्यंत पोहोचला.

कॅननबॉल ॲडर्लीचा 'नो व्हॉट आय मीन?' (१९६१) जाता जाता ऐकून घ्या. पियानोवर बिल एव्हान्स, बासवर हीथ आणि ड्रमवर के. ॲडर्ली मोठ्या गळ्याचा, ओसंडून वाजवणारा सॅक्सोफोनवादक आहे, डेस्मंडच्या अगदी उलट. 'वॉल्ट्झ फॉर डेबी'मध्ये आधी एव्हान्स एकटा वाजवतो, मग बाकीचे येतात. ते येतात त्या दोन सेकंदांत के किती कमी गोष्टींनी लय उभी करतो ते पाहा. १९७८ च्या जानेवारीत कार्नेगी हॉलमध्ये स्विंगच्या काळातला क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या १९३८ च्या गाजलेल्या मैफलीची चाळीस वर्षं साजरी झाली. तिथंही ड्रमवर केच होता. जुन्या स्विंगच्या चाहत्यांनी ते जरूर काढून ऐकावं.

सातवी पायरी: ॲस्ट्रल वीक्स

इथं येईपर्यंत कान तयार झालेला असतो, म्हणून हा अल्बम शेवटी ठेवला आहे. रॉक ऐकणाऱ्या अनेकांनी तो आधीच ऐकलेला असेल. त्यांना सांगायचं तर आता तो ड्रमच्या बाजूनं पुन्हा ऐका, वेगळाच अल्बम ऐकल्यासारखं होईल.

व्हॅन मॉरिसन तोवर 'देम' या बँडमधून आणि 'ब्राउन आइड गर्ल'मधून लोकांना ठाऊक झाला होता. निर्माता ल्युइस मेरेनस्टाइननं त्याच्यासाठी जॅझचे वादक बोलावले: बासवर रिचर्ड डेव्हिस, गिटारवर जे बर्लिनर, व्हायब्राफोन आणि तालवाद्यांवर वॉरन स्मिथ, ड्रमवर के. १९६८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये न्यू यॉर्कच्या सेंच्युरी साउंड स्टुडिओत काम झालं. वादकांना लिखित स्वरलिपी मिळाली नाही. केनं पुढे सांगितलं की मी काय वाजवू असं मॉरिसनला विचारल्यावर, तुम्हाला वाटेल ते वाजवा, एवढंच उत्तर आलं.

यात खरी कसोटी होती. मॉडर्न जॅझ क्वार्टेटमध्ये लुईसची रचना मापामापाला ठरलेली असे, त्यामुळे संयम राखायला आधार होता. इथं आधार काहीच नाही. गायक वाक्यं लांबवतो, एकच शब्द पाच-सात वेळा घोळवतो, मधेच श्वास घेऊन थांबतो. मोकळीक मिळालेल्या ड्रमरनं इथं जागा भरून टाकायला सुरुवात केली असती तर अल्बम बुडाला असता. केनं मोकळीक घेतली आणि ती गायकाला दिली.

'स्वीट थिंग' आधी लावा. स्वरसंगतीचं एक छोटं वर्तुळ गाणंभर फिरतं. बास जागोजागी वर उसळतो, वायोलिनं नंतर चढत जातात. या सगळ्याच्या तळाशी सिंबलची बारीक टिकटिक चालू असते. एकदा फक्त तिच्यामागे जा. मग डेव्हिसच्या बासमागे जा. डेव्हिस इतका बेधडक फिरू शकतो, कारण जमीन कुठे आहे हे त्याला सतत ऐकू येतं आहे. या अल्बमचं सगळं श्रेय सहसा डेव्हिसला दिलं जातं. त्यातला मोठा हिस्सा केचा आहे असं मला फार वाटतं.

'द वे यंग लव्हर्स डू' हे अल्बममधलं सर्वांत जॅझकडे झुकलेलं गाणं. तिनाची वेगवान चाल, मागे ब्रास. इथं के हात सोडतो. त्याच्यानंतर लगेच 'मॅडम जॉर्ज' ऐका. साडेनऊ मिनिटांच्या वर चालणारं, मोजक्या स्वरसंगतींवरचं गाणं. इतक्या लांब गाण्यात ड्रमर सहसा पायऱ्या बांधतो: दुसऱ्या कडव्याला थोडं वाढवायचं, शेवटाकडे आणखी. इथं तशी चढण शोधून पाहा. गाणं मोठं होत जातं ते मॉरिसनच्या आवाजानं आणि तंतुवाद्यांनी. ड्रम त्याला ढकलत नाहीत. सगळं गाणं एका निरोपाभोवती फिरतं, आणि निरोपाला घाई करायची नसते हे ड्रमरला कळलेलं आहे.

मॉरिसनच्या या अल्बमच्याच वर्षी मॉडर्न जॅझ क्वार्टेटचा 'अंडर द जॅस्मिन ट्री' बीटल्सच्या ॲपल कंपनीकडून निघाला, आणि पुढच्या वर्षी 'स्पेस'. जॅझ आणि रॉक यांच्यातली भिंत त्या वादकांच्या दृष्टीनं किती पातळ होती याचा हा बोलका पुरावा. दोन्ही ऐका. व्हायब्राफोन आणि केचा सिंबल एकत्र ऐकायची सवय झाल्यावर 'ॲस्ट्रल वीक्स'मधला व्हायब्राफोनही नव्यानं लक्षात येतो.

वही, टेबल आणि दोन हात

ऐकताना हाताशी वही ठेवा. गाण्याचं नाव, साल, आणि तीन गोष्टी: ड्रम कधी आले, कधी थांबले, आवाजाचा सर्वांत मोठा क्षण कुठला. स्तुतीची विशेषणं लिहू नका, त्यांनी कान सुधारत नाही. 'दुसऱ्या आवर्तनाच्या शेवटी स्नेअरवर एकच ठोका' अशी नोंद लाखमोलाची.

तबला किंवा ड्रम वाजवणाऱ्यांसाठी एक सराव. 'बॅग्ज ग्रूव्ह' लावा आणि टेबलावर फक्त तर्जनीनं राइडची चाल धरा, तीही इतकी हलकी की हेडफोनमधला जॅक्सन झाकला जाणार नाही. पूर्ण गाणं. लय पळते का? हलक्या हातानं लय बहुधा मागे पडते किंवा अस्वस्थ होऊन पुढे धावते. जोर काढून घेतल्यावर लय स्थिर ठेवणं ही वेगळी आणि अवघड विद्या आहे. ती जमू लागली की दुसऱ्या हाताची बोटं दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर आणा. विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्यांनी हा सराव वर्गात करून घ्यावा. वेगाचे आणि अवघड तिहाईचे सराव सगळेच करून घेतात, हा सहसा राहून जातो.

काही वाद्यवृंदांत आपण बासवर किंवा गिटारवर असतो, तेव्हा आणखी एक प्रयोग करता येतो. एका गाण्यापुरतं ड्रमरला सांगावं की स्नेअरला हात लावू नको, फक्त सिंबल आणि पाय. बाकीच्यांच्या वाजवण्यात काय बदल होतो ते ध्वनिमुद्रित करून ऐकावं.

केपाशी थांबायचं नसेल तर इथून तीन वाटा चांगल्या आहेत. पियानोवादक अहमद जमालच्या त्रिकुटातला व्हर्नेल फूर्निये, विशेषतः १९५८ चं 'पॉइन्सियाना', त्यातला ठेका कमालीचा साधा आणि कमालीचा पक्का आहे. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) वरचा जिमी कॉब, जो पूर्ण अल्बमभर सिंबल किंचितही डळमळू देत नाही. आणि पॉल मोशन, ज्यानं बिल एव्हान्सच्या त्रिकुटात लय उघड न मोजता सुचवायला सुरुवात केली. आधी फूर्निये घ्या. केच्या सवयीचा कान त्याच्याकडे सहज वळतो. मोशनला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि तो देताना दुसऱ्या-चौथ्या मात्रेची टाळी थोडी बाजूला ठेवावी लागते.